किनाऱ्याचे नवे रहिवासी

पेंग्विन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. शाळेच्या पुस्तकातले चित्र तसेच असते आणि मुलांच्या डब्यावर, दप्तरावरही तो बर्फाच्या लादीवरच उभा असतो. परंतु पेंग्विनांच्या निम्म्याहून अधिक जाती अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर कधी जातच नाहीत. बर्फाचा कणही न पाहता जन्मभर उन्हावाऱ्यात राहणारे पेंग्विन आहेत आणि त्यांतली एक जात आफ्रिकेत राहते. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर ‘फॉल्स बे’ नावाच्या उपसागराच्या काठी सायमन्स टाउन हे जुने आरमारी गाव आहे. गावाला लागून ‘बोल्डर्स बीच’ हा छोटासा किनारा आहे. तिथले पेंग्विन पाहायला जगभरातून माणसे येतात. मीही गेलो होतो. आज त्या किनाऱ्याची गोष्ट सांगायची आहे. ती पक्ष्यांची आहे, तशी माणसांचीही आहे.

केपटाउनहून समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता फार देखणा आहे. डाव्या हाताला निळे पाणी, उजव्या हाताला डोंगर आणि मध्ये रेल्वेचा एकेरी रूळ. गाव संपता संपता बोल्डर्सची पाटी लागते. बोल्डर म्हणजे मोठा धोंडा. हत्तीच्या पाठीसारखे गोल, गुळगुळीत, करडे धोंडे किनाऱ्यावर आणि पाण्यात पसरलेले आहेत. हा ग्रॅनाइट सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. या धोंड्यांमुळे लाटा अडतात आणि आत लहान लहान शांत कोंडी तयार होतात. तिकीट काढून आत गेले की वाळूच्या वर बांधलेला लाकडी पूल लागतो. त्यावरून चालायचे, खाली उतरायचे नाही. दोन्ही बाजूंना झुडपे आणि झुडपांच्या बुंध्याशी पेंग्विन.

पहिल्यांदा नजरेत भरतो तो त्यांचा आकार. पायापासून डोक्यापर्यंत जेमतेम दोन-सव्वादोन फूट आणि वजन तीन किलोच्या आसपास. छातीवर काळा पट्टा आणि काळे ठिपके. या ठिपक्यांची रचना प्रत्येक पक्ष्याची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. डोळ्यांच्या वर गुलाबी रंगाची उघडी कातडी असते. ऊन वाढले की त्या कातडीकडे जास्त रक्त वाहते, अंगातली उष्णता तिथून बाहेर जाते आणि गुलाबी रंग अधिक गडद दिसू लागतो. आणि आवाज? पहिली हाक ऐकली तेव्हा मी वळून पाहिले, कारण जवळपास कुठे तरी गाढव ओरडते आहे असेच वाटले. या पक्ष्याला इंग्रजीत पूर्वी ‘जॅकॅस पेंग्विन’, म्हणजे गाढव-पेंग्विन म्हणत, ते उगीच नव्हे.

मी गेलो तो डिसेंबर महिना होता. तिकडे तो उन्हाळ्याचा काळ. बरेच पक्षी पाण्यात न जाता धोंड्यांच्या सावलीला उभे होते. अंगावरची पिसे जागोजागी निघालेली, कापूस बाहेर आलेल्या जुन्या गादीसारखी अवस्था. ते आजारी नव्हते. वर्षातून एकदा त्यांची सगळी पिसे एकदम गळतात आणि नवी येतात. याला सुमारे तीन आठवडे लागतात. तोवर अंगात पाणी शिरते, म्हणून समुद्रात उतरता येत नाही. समुद्रात उतरता येत नाही म्हणजे मासे नाहीत, मासे नाहीत म्हणजे उपास. आधीच्या काही आठवड्यांत भरपूर खाऊन जी चरबी साठवली असेल तिच्यावरच तो काळ काढायचा. पुढच्या साऱ्या हकिकतीत हा तीन आठवड्यांचा उपास आपण लक्षात ठेवू या.

पर्यटकांच्या माहितीपुस्तकांत या पक्ष्यांना बोल्डर्सचे ‘रहिवासी’ म्हटलेले असते. ते वाचून आपली समजूत होते की हे इथे अनादी काळापासून राहत असावेत आणि गाव मागाहून वसले असावे. घडले आहे ते नेमके उलट. सायमन्स टाउनचा बंदर म्हणून वापर डच लोकांनी अठराव्या शतकात सुरू केला. १८१४ पासून तिथे ब्रिटिश आरमाराचा तळ होता. पेंग्विनांच्या पहिल्या दोन जोड्यांनी मात्र बोल्डर्सवर घरटी केली ती १९८२ साली. म्हणजे आपल्याकडे आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, ते वर्ष. गावातल्या वयस्क माणसांना पेंग्विनांशिवायचा किनारा चांगला आठवतो. मग हे पक्षी त्याआधी कुठे होते? आणि इथे का आले?

आफ्रिकन पेंग्विन हा मुळात बेटांवरचा पक्षी. नामिबियापासून दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापर्यंत लहान लहान खडकाळ बेटे आहेत, त्यांवर त्यांच्या वसाहती होत्या. मुख्य भूमीवर बिबळे, कोल्हे, तरस असत. उडता न येणाऱ्या आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला तिथे थारा नव्हता. बेटावर तो सुरक्षित होता, बेटावर माणूस पोहोचेपर्यंत.

युरोपच्या माणसांनी या पक्ष्याची जी अगदी सुरुवातीची वर्णने लिहून ठेवली, त्यांतले एक आपल्या इतिहासाशी जोडलेले आहे. १४९७ च्या नोव्हेंबरात वास्को द गामाची जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आजच्या मॉसेल बे या ठिकाणी थांबली होती. तिथल्या एका बेटावर खलाशांना सील दिसले आणि बदकाएवढे, उडता न येणारे, गाढवासारखे ओरडणारे पक्षी दिसले. सफरीची जी रोजनिशी उपलब्ध आहे, तिच्यात ही नोंद आहे. खलाशांनी त्यांतले मनाला येतील तेवढे मारले, हेही त्यात नमूद आहे. हीच जहाजे पुढे मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचली. भारताच्या समुद्रमार्गाचा शोध आपण शाळेत शिकलो, त्याच्या वाटेवरच्या एका मुक्कामात हे पक्षी आहेत. त्यानंतर भारताकडे येणारी-जाणारी असंख्य जहाजे या टोकाशी थांबू लागली. महिनोन्‌महिने खारवलेले मांस खाऊन कंटाळलेल्या खलाशांना हातात काठी घेऊन सहज मारता येणारा पक्षी म्हणजे फुकटचे कोठार होते.

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने यान व्हान रिबेक याच्या नेतृत्वाखाली केपटाउनला ठाणे वसवले. ठाण्यातल्या माणसांच्या पोटासाठी समोरच्या रॉबेन बेटावरून पेंग्विन आणि त्यांची अंडी येऊ लागली. हे तेच रॉबेन बेट, जिथे पुढे नेल्सन मंडेला यांना कैदेत ठेवले गेले. सुमारे १८०० पर्यंत त्या बेटावर एकही पेंग्विन उरला नाही.

एकोणिसाव्या शतकात दुसरे संकट आले आणि ते शेतीच्या वाटेने आले. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा साठून झालेला थर म्हणजे ग्वानो. त्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते. युरोपातल्या शेतकऱ्यांना या खताचा गुण कळला आणि त्याला सोन्याचा भाव आला. नामिबियाच्या किनाऱ्याजवळचे इचाबो हे एवढेसे बेट. त्यावर ग्वानोचा थर काही ठिकाणी सात मीटरच्या आसपास होता. १८४३ ते १८४५ या दोनच वर्षांत शेकडो जहाजे तिथे लोटली आणि बेट खडकापर्यंत खरवडून नेले. इतर बेटांवरही विसाव्या शतकापर्यंत हे चालू राहिले.

यात पेंग्विनांचे काय गेले, असे कोणी विचारील. त्यांचे घर गेले. या बेटांवर माती फारशी नाही. ग्वानोच्या थरात बीळ उकरून पेंग्विन त्यात अंडी घालीत. आत गारवा असे आणि वरून झडप घालणाऱ्या समुद्री पक्ष्यांपासून संरक्षण मिळे. थर गेला, खडक उघडा पडला. आता अंडी उन्हात उघड्यावर घालायची. कडक ऊन झाले की आई किंवा बाप घरट्यावरून उठून पाण्याकडे जातो आणि तेवढ्यात अंडे पळवले जाते. बोल्डर्सच्या लाकडी पुलाखाली मला आडव्या पुरलेल्या पिंपासारख्या वस्तू दिसल्या आणि त्यांतून चोची बाहेर डोकावत होत्या. ती माणसाने करून दिलेली कृत्रिम घरटी आहेत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे खरवडून नेले, त्याची ही भरपाई.

तिसरे संकट अंड्यांचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केपटाउनच्या बाजारात पेंग्विनचे अंडे हा चवीने खाण्याचा पदार्थ होता. कितीही उकडले तरी या अंड्याचा पांढरा भाग कोंबडीच्या अंड्यासारखा पांढरा होत नाही, काचेसारखा आरपार राहतो. १९०० ते १९३० या तीस वर्षांत सुमारे १ कोटी ३० लाख अंडी गोळा झाली, असा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक एकट्या डासेन बेटावरची. सरकारी देखरेखीखाली चाललेला हा व्यवसाय होता, चोरी नव्हे. पेंग्विनची मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते आणि ती उबवायला नर-मादी आळीपाळीने चाळीसेक दिवस बसतात. अंडी गोळा करणे १९६० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाले. १९५६ च्या सुमारास पहिली पूर्ण मोजणी झाली तेव्हा या जातीच्या १ लाख ४० हजारांहून अधिक जोड्या होत्या. अर्धशतकापूर्वी त्या कितीतरी पट असाव्यात.

आणि चौथे संकट माशांचे. सार्डिन म्हणजे आपल्या कोकणातल्या तारलीच्या कुळातला मासा. तो आणि अँकोव्ही हा दुसरा लहान मासा, ही या पेंग्विनांची भाजीभाकरी. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या यांत्रिक बोटी अख्खा थवाच्या थवा जाळ्यात घेरू लागल्या. मासे डबाबंद झाले, त्यांची पूड करून कोंबड्यांना आणि गुरांना खाऊ घातली. १९६० च्या दशकात सार्डिनचे उत्पन्न उच्चांकाला पोहोचले आणि पाठोपाठ कोसळले.

आता १९८२ कडे येऊ. बेटांवर घर नाही, भोवती मासे कमी, अशा वेळी काही तरुण पक्ष्यांनी नवी जागा शोधली. या जातीचा जाणता पक्षी एकदा जिथे घरटे करतो ती जागा सहसा सोडत नाही. पहिल्यांदा घरटे करणारा तरुण पक्षी मात्र दुसरीकडे जाऊन पाहतो. फॉल्स बेमध्ये १९८० च्या दशकात मोठ्या जाळ्यांच्या मासेमारीला मनाई झाली, त्यामुळे किनाऱ्याजवळ मासे होते. धोंड्यांच्या आड झुडपे होती. आणि भोवती गाव होते! गावामुळे बिबळ्या-कोल्ह्यांचा वावर संपला होता. म्हणजे एरवी ज्या माणसापासून पळायचे, त्याच्याच घरांच्या आडोशाने हा पक्षी मुख्य भूमीवर टिकू शकला. दोन जोड्यांच्या जागी वीस-पंचवीस वर्षांत सुमारे तीन हजार पक्षी झाले. योगायोग असा की रॉबेन बेटावरही १९८३ साली पेंग्विन आपण होऊन परत आले, जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी. त्याच्या आदल्याच वर्षी मंडेला यांना त्या बेटावरून दुसऱ्या तुरुंगात हलवले होते.

नव्या रहिवाशांचे स्वागत सगळ्यांनीच केले असे नाही. पेंग्विन बागांमध्ये शिरले, फुलझाडांखाली बिळे उकरू लागले, रात्रभर ओरडू लागले. त्यांच्या वासाबद्दल तर बोलायलाच नको. तक्रारी झाल्या, कुंपणे आली. १९९८ साली या द्वीपकल्पावर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि किनारा त्याच्या देखरेखीखाली आला. आज गावातल्या रस्त्यांवर, गाडी सुरू करण्यापूर्वी चाकांखाली पेंग्विन नाही ना हे पाहा, अशा पाट्या आहेत. ज्या गावाने आधी नाक मुरडले, त्या गावाचे पोट आता बऱ्याच अंशी या पक्ष्यांवर चालते.

परत येताना मी हे सारे कौतुकाने आमच्या टॅक्सीच्या चालकाला सांगत होतो. साठीच्या पुढचा, मितभाषी गृहस्थ. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “माझी आई या गावात जन्मली. आम्हाला इथून घालवले. मग हे आले.” एवढेच बोलला. त्याच्या आवाजात पेंग्विनांविषयी राग नव्हता.

तो काय म्हणत होता हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सायमन्स टाउन हे आरमारी गाव. गोदीत काम करणारी माणसे कुठून कुठून आलेली. मलाय वंशाची मुसलमान कुटुंबे, मिश्र वंशाचे लोक, काळे आफ्रिकन, गोरे, सगळे एकाच गावात राहत. डोंगराच्या उतारावर घरे, मशीद, चर्च, शाळा. वर्णभेदी सरकारने १९५० साली ‘ग्रुप एरियाज’ कायदा केला. प्रत्येक वंशाने कुठे राहायचे हे आता सरकार ठरवणार होते. काळ्या आफ्रिकनांची वस्ती इथून आधीच हलवण्यात आली होती. सप्टेंबर १९६७ मध्ये सायमन्स टाउन हा केवळ गोऱ्यांचा भाग म्हणून जाहीर झाला. पुढच्या काही वर्षांत सात हजारांच्या आसपास माणसांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडावी लागली. बऱ्याच जणांना डोंगरापलीकडे उभारलेल्या वसाहतीत नेले. त्या वसाहतीचे नाव सरकारने ठेवले ‘ओशन व्ह्यू’, म्हणजे समुद्रदर्शन. ज्यांच्या अंगणातून समुद्र काढून घेतला त्यांच्या नव्या पत्त्यात तो असा घातला.

हे केवळ एका गावात झाले नाही. केपटाउनमधला ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा गजबजलेला भाग १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी राखून ठेवला गेला आणि सुमारे साठ हजार लोकांना हलवण्यात आले. इथे आपलाही एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले कोकणी मुसलमान पोटापाण्यासाठी केपटाउनला जात होते. कोणी दुकानात, कोणी गोदीत, कोणी घोड्यांच्या तबेल्यात राबले. त्यांचे वंशज आजही त्या शहरात आहेत. ग्रुप एरियाज कायद्याचा फटका केपटाउनच्या भारतीयांनाही बसला. त्यांच्यासाठी राखलेल्या वेगळ्या भागात त्यांना जावे लागले. कोकणातून एकदा समुद्र ओलांडून आलेल्यांच्या नातवंडांना पुन्हा बिऱ्हाड बांधावे लागले.

घरे तशीच चौपाट्याही वाटलेल्या होत्या. कोणत्या वाळूवर कोणत्या रंगाच्या माणसाने बसायचे याच्या पाट्या लागत. पेंग्विनांच्या त्या दोन जोड्या १९८२ साली बोल्डर्सवर आल्या तेव्हा हीच स्थिती होती. राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. द क्लर्क यांनी देशातले किनारे सर्वांना खुले करण्याची घोषणा केली ती नोव्हेंबर १९८९ मध्ये. म्हणजे काळ्यापांढऱ्या रंगाच्या पक्ष्याला त्या वाळूवर घर करता येत होते आणि डोंगरापलीकडच्या ‘समुद्रदर्शना’त राहणाऱ्या माणसाला मात्र गोऱ्यांसाठी राखलेल्या वाळूवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. हा पक्ष्यांचा दोष नाही. तेही घर गेलेलेच होते. पण त्या किनाऱ्याचे ‘रहिवासी’ कोण, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही, हे मला त्या चालकाच्या तीन वाक्यांनी शिकवले. १९९४ नंतर लोकशाही आली, हिरावलेल्या जमिनींबाबत दावे करण्याचा कायदा झाला. जुनी मशीद गावात आजही उभी आहे. पण विस्कटलेले गाव कायद्याने पुन्हा पहिल्यासारखे होत नाही.

त्याच नव्या दक्षिण आफ्रिकेने पेंग्विनांसाठी जे केले ते मात्र विसरू नये असे आहे. २३ जून २००० रोजी ‘ट्रेझर’ नावाचे लोहखनिज वाहणारे जहाज डासेन आणि रॉबेन या दोन बेटांच्या मधल्या समुद्रात बुडाले. त्याच्यातले इंधनतेल पसरले. पिसांना तेल लागले की ऊब आणि जलरोधकपणा जातो आणि पक्षी गारठून, उपाशी मरतो. सुमारे १९ हजार पेंग्विन तेलाने माखले. ‘सँकॉब’ ही समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करणारी संस्था १९६८ पासून काम करते. तिच्यासह अनेक संस्था धावल्या. हजारो स्वयंसेवक आले. रेल्वेच्या जुन्या कारखान्यासारख्या जागेत पक्ष्यांसाठी तात्पुरते इस्पितळ उभे राहिले. एकेक पक्षी हाताने धुवायचा, हाताने मासा भरवायचा. चोच लागून स्वयंसेवकांचे हात रक्तबंबाळ होत. आणि ज्यांना अजून तेल लागले नव्हते अशा साडेएकोणीस हजार पक्ष्यांचे काय करायचे? त्यांना ट्रकांतून शेकडो किलोमीटर पूर्वेला, पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन समुद्रात सोडले. कल्पना अशी की ते पोहत घरी येईपर्यंत इकडचे तेल साफ होईल. तिघांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली होती. त्यांना पीटर, पर्सी आणि पामेला अशी नावे दिली होती. ते कुठवर आले हे लोक रोज पाहत. ते तिघेही घरच्या पाण्यात परतले. तेलाने माखलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी वाचले.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण तेल दिसते, भूक दिसत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सार्डिन आणि अँकोव्ही यांचे थवे पश्चिम किनाऱ्याकडून आग्नेयेकडे सरकू लागले. समुद्राचे तापमान आणि प्रवाह बदलणे आणि पश्चिमेकडची भारी मासेमारी, ही दोन्ही कारणे शास्त्रज्ञ सांगतात. मासा सरकला, बोटीही त्याच्यामागे गेल्या. घरट्याला बांधलेला पक्षी मात्र तिथेच राहिला. आता तो तीन आठवड्यांचा उपास आठवा. पिसे गळण्याआधी पोट भरले नाही, तर तो उपास पुरा होत नाही. किनाऱ्यावर पाण्याकडे पाहत उभा असलेला पक्षी एके दिवशी खाली बसतो आणि उठत नाही. तेलासारखा काळा डाग कुठे दिसत नाही, म्हणून छायाचित्रकारही येत नाहीत.

आज या जातीच्या जगात दहा हजारांहून कमी जोड्या उरल्या आहेत. २०२४ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिचा समावेश ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात केला. निसर्गातून नाहीसे होण्याच्या अगदी आधीची ही पायरी. संख्या एवढी कमी झाली की लहानसा अपघातही मोठा ठरतो. सप्टेंबर २०२१ मध्ये सायमन्स टाउनला मधमाश्यांच्या डंखांनी एकाच वेळी साठहून अधिक पेंग्विन मेले. शेवटी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांनी न्यायालयात धाव घेतली. मार्च २०२५ मध्ये सरकार, मासेमारी उद्योग आणि या संस्था यांच्यात न्यायालयामार्फत समझोता झाला. रॉबेन आणि डासेन यांच्यासह सहा महत्त्वाच्या वसाहतींभोवतीच्या ठरावीक पाण्यात दहा वर्षे सार्डिन आणि अँकोव्हीची व्यापारी मासेमारी होणार नाही. पक्ष्यांच्या जेवणाला कायद्याने जागा मिळाली. ती पुरेशी आहे का, हे येती दहा वर्षे सांगतील.

मुंबईच्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले आणि २०१७ च्या मार्चपासून ते लोकांना पाहता येऊ लागले. त्यांना पाहायला केवढी गर्दी होते हे आपल्याला माहीत आहे. ते या आफ्रिकन पेंग्विनांचे अगदी जवळचे भाऊबंद, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. ग्वानोच्या खरवडीत त्यांचीही घरे गेली आहेत. काचेपलीकडच्या गारव्यात पोहणारा पेंग्विन मुलांना दाखवताना आपण तो बर्फातून आला असे सहज सांगतो. तो बर्फातून नव्हे, उन्हातल्या किनाऱ्यावरून आला आहे आणि तिथले त्याचे घर कोणी नेले याचा इतिहास लिहिलेला आहे, हेही सांगावे.

बोल्डर्सला जाणाऱ्याने अवश्य जावे. तिकिटाचे पैसे त्या उद्यानाला मिळतात. लाकडी पुलावरून उतरू नये, पक्ष्याच्या जवळ जाऊन छायाचित्राचा हट्ट धरू नये. पण एवढ्यावर थांबू नये. जवळच गावातल्या डोंगरउतारावर जावे, जुनी मशीद पाहावी, तिथे पूर्वी कोण राहत होते ते विचारावे. अंडी गोळा करणे, खत खरवडणे, मासे घेरणे, माणसांना वंशाप्रमाणे वाटणे, ही सारी कामे त्या त्या काळात कायद्याला धरून झाली. करणारे लोक काही राक्षस नव्हते. बहुतेक आपल्यासारखेच, नेमून दिलेले काम करणारे होते. आणि त्या कामांपैकी बरीचशी थांबली तीही माणसांनी ठरवून थांबवली म्हणून. दोन जोड्यांचे तीन हजार पक्षी होऊ शकतात, हे त्या किनाऱ्याने एकदा करून दाखवले आहे. त्यासाठी पेंग्विनांनी फार काही मागितले नव्हते. त्यांना हवा होता थोडा आडोसा आणि समोरच्या पाण्यात मासे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)